उसन्या फौजेवरचे सिंहासन : सलाबतजंगाची कहाणी

दिनांक १० फेब्रुवारी १७६३ रोजी पॅरिस येथे इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेन या राष्ट्रांमध्ये तह झाला. पोर्तुगालनेही त्याला संमती दिली. सात वर्षे जगाच्या अनेक खंडांत चाललेले युद्ध त्या तहाने थांबले. कॅनडा कोणाचा, वेस्ट इंडिजमधील कोणते बेट कोणाकडे, असे मोठे निवाडे त्या कागदावर झाले. त्याच तहाच्या अकराव्या कलमात दख्खनसंबंधी एक वाक्य आहे. इंग्लंड आणि फ्रान्स या दोन्ही राजसत्ता सलाबतजंग यास दख्खनचा कायदेशीर सुभेदार मानतील, असा त्याचा आशय आहे.

ज्याला युरोपातील दोन बलाढ्य राष्ट्रांनी अशी मान्यता दिली, तो सलाबतजंग त्या दिवशी बिदरच्या किल्ल्यात कैदेत होता. त्याला कैदेत पडून सात महिने झाले होते आणि त्याला तेथे टाकणारा त्याचाच धाकटा भाऊ दख्खनची गादी चालवीत होता. पुढे सात महिन्यांनी सलाबतजंगाचा त्याच किल्ल्यात अंत झाला.

मैलूर ही बिदर शहरालगतची वस्ती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांचा मेळ असलेला हा सीमाभाग आहे. येथून बिदरचा किल्ला दूर नाही. किल्ला पाहावयास येणारा प्रवासी बहामनी वैभवाच्या खुणा शोधतो, रंगीन महाल पाहतो, महमूद गवानच्या मदरशासमोर थबकतो. गोमंतकीयांना तर बिदर अपरिचित असण्याचे कारणच नाही, कारण १४७२ साली विजयनगरच्या ताब्यातून गोवा जिंकून घेणारा महमूद गवान याच बिदरच्या दरबाराचा वजीर होता. परंतु सलाबतजंगाच्या कैदेची आठवण फारसा कोणी काढत नाही. मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव येते ते उदगीरच्या लढाईत हरलेला निजाम म्हणून. त्याच्या आयुष्यातून मिळणारा धडा मात्र एका लढाईपुरता नाही. अस्थिर देशाने परक्या शक्तीकडून संरक्षण आणि साहाय्य घेतले तर त्याची किंमत कोण मोजतो, कशातून मोजतो आणि कोठवर मोजतो, हे त्याच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत लख्ख दिसते.

भावांच्या वैरातून मिळालेली गादी

सलाबतजंगाचा जन्म १७१८ सालचा. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजाम-उल्-मुल्क याचा तो तिसरा मुलगा. बाप मुत्सद्दी होता. दिल्लीच्या बादशहाशी नाममात्र निष्ठा राखून त्याने दख्खनच्या सहा सुभ्यांवर स्वतःची सत्ता उभी केली होती. परंतु ही सत्ता चालवण्याचे तंत्र त्याच्या व्यक्तिमत्त्वाशी बांधलेले होते. वारसाहक्काचा निश्चित नियम नव्हता. प्रत्येक नव्या सुभेदाराला दिल्लीची सनद हवी, सरदारांचा पाठिंबा हवा आणि मराठ्यांना चौथाई देऊन उरलेल्या उत्पन्नातून फौजेचा पगार भागवता यावा, एवढे सारे जुळून यावे लागे.

१७४८ साली निजाम-उल्-मुल्क बऱ्हाणपूर येथे मरण पावला आणि हे जुळणे तत्काळ बिघडले. थोरला मुलगा गाजीउद्दीन दिल्लीच्या दरबारात होता. दुसरा नासिरजंग याने गादी बळकावली. मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग याने तिच्यावर हक्क सांगितला. कर्नाटकच्या नबाबीसाठीही त्याच वेळी असाच तंटा पेटलेला होता. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याने या दोन्ही तंट्यांत संधी पाहिली. आपली शिस्तबद्ध पलटण आणि तोफा एका दावेदाराच्या पारड्यात टाकावयाच्या आणि तो गादीवर बसला की त्याच्याकडून मुलूख, उत्पन्न आणि व्यापारी सवलती मिळवावयाच्या, हा त्याचा हिशेब होता.

डिसेंबर १७५० मध्ये जिंजीजवळ नासिरजंग आपल्याच पठाण नबाबांच्या कटात मारला गेला. मुजफ्फरजंग निजाम झाला. त्याच्याबरोबर सुमारे तीनशे युरोपीय आणि दोन हजार देशी शिपाई देऊन डुप्लेने आपला सेनानी शार्ल द बुसी याला पाठवले. परंतु वाटेतच, फेब्रुवारी १७५१ मध्ये, कडप्याच्या मुलखात त्याच पठाण नबाबांशी तंटा होऊन मुजफ्फरजंग ठार झाला.

छावणीत धनी उरला नव्हता. पगार थकलेली फौज कोणत्याही क्षणी पांगली असती. त्याच छावणीत निजाम-उल्-मुल्काचे तीन मुलगे नजरकैदेत होते : सलाबतजंग, निजामअली आणि बसालतजंग. बुसीने दिवाण रामदासपंताशी मसलत केली आणि तिघांतील वडील म्हणून सलाबतजंगाला पुढे केले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सकाळी कैदी असलेला हा माणूस दख्खनचा सुभेदार झाला. त्याच्यामागे स्वतःचा असा पक्ष नव्हता, स्वतःची फौज नव्हती, दिल्लीची सनद नव्हती. त्याच्याजवळ बुसीच्या तोफा होत्या. त्याच्या साऱ्या पुढच्या आयुष्याचे बीज या एका गोष्टीत आहे.

भालकीचे दोन प्रसंग

हैदराबादमार्गे सलाबतजंग औरंगाबादला पोहोचला. पुण्याहून नानासाहेब पेशव्यांनी गाजीउद्दीनचा पक्ष घेतला होता, म्हणून १७५१ च्या अखेरीस युद्ध पेटले. नोव्हेंबरमधील चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडी नदीच्या काठी बुसीने पेशव्यांच्या तळावर अचानक हल्ला केला. ग्रहणाच्या धार्मिक विधीत गुंतलेल्या मराठी छावणीची दाणादाण उडाली. जलद तोफांचा मारा आणि रांगेत चालणारे पायदळ यांचा धसका त्या रात्रीपासून मराठी दरबाराने घेतला. मात्र लगेच पुढच्या लढाईत मराठ्यांनी घोडदळाच्या बळावर भरपाई केली आणि जानेवारी १७५२ मध्ये तात्पुरता तह झाला.

लढाई जिंकता येते. पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. फ्रेंच पलटणीचा तनखा रोख आणि वेळेवर द्यावा अशी अट होती. निजामाचा मुलूख मात्र जहागिरींत वाटला गेला होता. जे उत्पन्न हाती येई त्यातून मराठ्यांची चौथाई जाई. खजिना दोन वर्षांच्या गृहकलहात रिता झाला होता. परक्या पलटणीचा पगार आधी भागवला की स्वतःच्या फौजेचा राहून जाई. एप्रिल १७५२ मध्ये, आजच्या बिदर जिल्ह्यातील भालकी येथे छावणी पडली असताना थकलेल्या पगारासाठी शिपायांनी दंगा केला आणि त्या दंग्यात दिवाण रामदासपंत मारला गेला. दरबार चालवणारा कर्तबगार कारभारी असा आपल्याच शिपायांच्या हातून गेला. परक्या फौजेने सिंहासनाचे बाहेरून रक्षण केले होते, पण आतला कारभार तिने सावरला नव्हता आणि सावरणे हे तिचे कामही नव्हते.

त्याच वर्षी गाजीउद्दीन दिल्लीहून मोठी फौज घेऊन औरंगाबादला आला. पेशव्यांच्या साहाय्याच्या बदल्यात त्याने खानदेशातील मुलूख देण्याचे कबूल केले होते. ऑक्टोबर १७५२ मध्ये विषप्रयोगाने त्याचा अंत झाला. त्याच्या सावत्र आईने, म्हणजे निजामअलीच्या आईने, अन्नातून विष दिले असे इतिहासकार सांगतात. प्रतिस्पर्धी संपला, पण त्याने दिलेले वचन संपले नाही. नोव्हेंबर १७५२ मध्ये पुन्हा त्याच भालकीला तह झाला आणि गाजीउद्दीनने कबूल केलेला तापी-गोदावरीमधील वऱ्हाडच्या पश्चिमेचा मुलूख सलाबतजंगाने पेशव्यांना दिला. या तहाच्या बोलण्यांत बुसीचा मोठा वाटा होता. दख्खनमधील दोन सत्तांच्या वाटाघाटींत आता एक युरोपीय सेनानी मध्यस्थ म्हणून बसू लागला होता.

पगारासाठी चार सरकार

१७५३ च्या आरंभी बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणला गेला. दिवाण सय्यद लष्करखान याने ही संधी साधली. फ्रेंच पलटणीच्या तुकड्या वेगवेगळ्या ठिकाणी पाठवावयाच्या, पगार लांबवावयाचा, म्हणजे त्या आपोआप निघून जातील, असा त्याचा डाव होता. बुसी परत आला आणि त्याने हा डाव उधळला. पण त्यातून तो एक गोष्ट शिकला. निजामाच्या खजिन्याच्या भरवशावर आपली पलटण टिकणार नाही. पगाराचा स्रोतच आपल्या हाती हवा.

म्हणून नोव्हेंबर १७५३ मध्ये औरंगाबाद येथे त्याने सलाबतजंगाकडून चार सरकार मिळवले : मुस्तफानगर, एलूर, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम. कृष्णा-गोदावरीच्या मुखापासून उत्तरेकडे पसरलेली ही सुपीक किनारपट्टी, हेच पुढे उत्तर सरकार म्हणून प्रसिद्ध झाले. कागदावर ही देणगी फ्रेंच पलटणीच्या खर्चापुरती होती. उत्पन्नाचा अंदाज वर्षाला तीस लाख रुपयांच्या घरात होता.

या व्यवहारात प्रत्येकाला तत्काळ लाभ दिसत होता. सलाबतजंगाला दरमहाच्या तगाद्यातून मोकळीक मिळाली. बुसीला खात्रीचे उत्पन्न मिळाले. पाँडिचेरीला बंदरे मिळाली. परंतु राज्याच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत कायमचा हातचा गेला, त्यामुळे सलाबतजंगाला स्वतःची फौज उभारण्याची शक्यता आणखी दुरावली. जितकी स्वतःची फौज दुबळी, तितकी परक्या फौजेची गरज मोठी. आणि जितकी ती गरज मोठी, तितका तिच्यासाठी द्यावा लागणारा मुलूख अधिक. या चक्रातून तो पुढे कधीच बाहेर पडू शकला नाही.

याची किंमत मोजणारे आणखीही कोणी होते. बुसीला सरकारांतील महसूल वसूल करावा लागे, तो तेथील जमीनदारांकडून आणि अखेर रयतेकडून. जानेवारी १७५७ मध्ये विजयनगरमच्या राजाच्या सांगण्यावरून बुसीच्या फौजेने बोब्बिलीच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला पडणार हे दिसताच आतल्या लढवय्यांनी आपल्या बायकामुलांना स्वहस्ते मारून लढत लढत मरण पत्करले. तेलुगू लोकपरंपरेत बोब्बिलीची ती कथा आजही गायिली जाते. औरंगाबादेत एका कागदावर झालेल्या सहीचा परिणाम शेकडो कोस दूरच्या एका किल्ल्यात असा दिसला.

नको असलेला आणि हवासा रक्षक

१७५४ साली फ्रेंच कंपनीने डुप्लेला परत बोलावले. युद्धे फार खर्चिक ठरत आहेत, असे पॅरिसमधील संचालकांचे मत होते. बुसीला मात्र दख्खनमध्ये राहू देण्यात आले, कारण त्याचा खर्च निजामाच्या मुलखातून भागत होता. दुसऱ्याच वर्षी बुसीच्या पलटणीसह सलाबतजंगाने म्हैसूरवर स्वारी केली आणि श्रीरंगपट्टणहून पन्नास लाखांहून अधिक रुपयांची खंडणी ठरवून घेतली. या काळात तो आपल्या सत्तेच्या शिखरावर होता.

परंतु दरबारातील असंतोष वाढत होता. नवा दिवाण शाहनवाजखान हा विद्वान माणूस. मोगल सरदारांच्या चरित्रांचा मासिर-उल्-उमरा हा प्रसिद्ध फारसी ग्रंथ त्याचाच. परक्यांच्या हाती राज्याच्या किल्ल्या गेल्या आहेत, हे त्याला सलत होते. १७५६ साली पेशवे आणि निजाम यांच्या फौजांनी मिळून सावनूरच्या नबाबाला नमवले. ती मोहीम आटोपताच शाहनवाजखानाने सलाबतजंगाकडून बुसीच्या बडतर्फीचा हुकूम मिळवला. बुसीने हैदराबाद गाठून चारमहाल या बागेतील वाड्यात मोर्चेबंदी केली आणि कुमक येईपर्यंत तो दबून राहिला.

त्याच वेळी शाहनवाजखानाने मद्रासच्या इंग्रजांकडे मदत मागितली. एका परक्याला घालवण्यासाठी दुसऱ्या परक्याला बोलवावे, यापलीकडे त्याची योजना नव्हती. इंग्रज तयारही झाले. पण तेवढ्यात कलकत्ता सिराजउद्दौल्याने घेतल्याची बातमी आली आणि दख्खनसाठी तयार होणारी इंग्रज फौज बंगालकडे वळवण्यात आली. दख्खनची निकड मद्रासच्या दृष्टीने दुय्यम ठरली. बुसीला पाँडिचेरीहून कुमक मिळाली, आणि ऑगस्टमध्ये सलाबतजंगाने त्याच्याशी समेट करून त्याला पूर्वीच्या जागी घेतले.

या प्रसंगात सलाबतजंगाला केवळ चंचल म्हणून हिणवणे सोपे आहे. वस्तुतः त्याच्यापुढे चांगला पर्यायच नव्हता. बुसी राहिला तर दरबार दुखावणार. बुसी गेला तर पेशवे आणि धाकटे भाऊ टपलेले. आपला सर्वांत भरवशाचा माणूस परका आहे आणि सर्वांत धोक्याचे शत्रू घरातले आहेत, अशा स्थितीत तो दिवस काढत होता.

मदत देणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे वळते

बुसी उत्तर सरकारांत गुंतला असताना घरच्या शत्रूंनी डोके वर काढले. निजामअलीने कारभार हाती घेतला. डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेड येथे मराठ्यांशी झालेल्या लढाईनंतर पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला सोडावा लागला. बुसी तातडीने औरंगाबादला आला आणि त्याने पुन्हा सलाबतजंगाची बाजू सावरली. मे १७५८ मध्ये निजामअलीच्या तंबूत बुसीचा विश्वासू कारभारी हैदरजंग याचा खून झाला. त्यानंतर उसळलेल्या गोंधळात शाहनवाजखानही मारला गेला. निजामअली बऱ्हाणपूरकडे पळाला. बुसीने मनावर घेतले असते तर तो तेव्हा सलाबतजंगाला निर्वेध करू शकला असता.

पण युरोपात इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटले होते आणि नवा फ्रेंच सेनापती लाली पाँडिचेरीला उतरला होता. त्याचे सारे लक्ष मद्रास जिंकण्याकडे होते. दख्खनच्या दरबारात फ्रेंच पलटण ठेवणे त्याला निरर्थक वाटे. त्याने बुसीला पलटणीसह परत बोलावले. १७५८ च्या पावसाळ्यात बुसीने सलाबतजंगाचा निरोप घेतला. आपल्यावर काय ओढवणार हे सलाबतजंगाला त्या क्षणी कळले असावे. या वियोगाने तो शोकाकुल झाला, असे समकालीन वृत्तांत सांगतात. सात वर्षे ज्या आधारावर तो उभा होता तो आधार त्याच्या कोणत्याही अपराधामुळे गेला नव्हता. मदत देणाऱ्याला दुसरे काम अधिक महत्त्वाचे वाटू लागले, एवढेच त्याचे कारण होते.

यानंतरची घसरण वेगाने झाली. बंगालहून आलेल्या कर्नल फोर्डने डिसेंबर १७५८ मध्ये उत्तर सरकारांत फ्रेंचांचा पराभव केला. सलाबतजंग फौज घेऊन मच्छलीपट्टणच्या रोखाने निघाला, पण तो पोहोचण्यापूर्वीच एप्रिल १७५९ मध्ये फोर्डने ते बंदर घेतले. मे महिन्यात सलाबतजंगाने इंग्रजांशी तह केला. मच्छलीपट्टण आणि आसपासचा मुलूख त्याने इंग्रजांना दिला आणि फ्रेंचांना यापुढे थारा न देण्याचे वचन दिले. निजामअलीविरुद्ध थोडी फौज द्यावी, अशी त्याने फोर्डकडे मागणी केली. फोर्डने ती मानली नाही. मुलूख देऊन झाला होता. संरक्षण मात्र मिळाले नाही.

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडले. बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी आता मराठ्यांकडे होता आणि त्याच्याच तोफांनी निजामाची फौज भाजून निघाली. साठ लाखांचा मुलूख तसेच अहमदनगर, दौलताबाद, बऱ्हाणपूर, अशिरगड आणि विजापूर ही ठाणी मराठ्यांकडे गेली. परक्याकडून विकत घेतलेली युद्धविद्या मालकाशी निष्ठा ठेवत नाही. ती अधिक पगार देणाऱ्याकडे जाते, हे उदगीरने दाखवून दिले. त्याच्या थोडेच दिवस आधी, जानेवारी १७६० मध्ये, वांदिवाशच्या लढाईत बुसी स्वतः इंग्रजांचा कैदी झाला होता.

बिदरची कैद

सिंहासनावर आता फक्त सलाबतजंगाचे नाव होते. सत्ता निजामअलीची होती. जुलै १७६२ मध्ये निजामअलीने नावही पुसून टाकले. थोरल्या भावाला त्याने बिदरच्या किल्ल्यात कैद केले आणि दिल्लीच्या बादशहाकडून सुभेदारीची सनद स्वतःच्या नावे मिळवली.

मग फेब्रुवारी १७६३ मध्ये पॅरिसच्या तहात सलाबतजंगाचे नाव कायदेशीर सुभेदार म्हणून नोंदले गेले. वाटाघाटी करणाऱ्यांच्या नजरेसमोर काही वर्षांपूर्वीचे दख्खन होते. ज्याच्याशी फ्रेंचांनी करार केले आणि ज्याच्याकडून इंग्रजांनी मुलूख घेतला, तो माणूस कायदेशीर ठरणे दोघांनाही सोयीचे होते, कारण त्याने दिलेल्या देणग्यांची वैधता त्याच्या वैधतेवर अवलंबून होती. तो जिवंत आहे की नाही, मुक्त आहे की कैदेत, याचा त्या कलमाशी संबंध नव्हता. बिदरच्या बंदिवानापर्यंत त्या कलमाचा कोणताही उपयोग पोहोचला नाही. उलट, कैदेतील भावाला युरोपची मान्यता आहे, ही गोष्ट गादीवरील भावाला अस्वस्थ करणारीच होती.

ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामअलीचा दारुण पराभव केला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत पडला. पराभवाने हादरलेल्या राज्यकर्त्याला जुना वारसदार धोक्याचा वाटतो. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १७६३ मध्ये, सलाबतजंग बिदरच्या किल्ल्यात मृत्यू पावला. निजामअलीच्या आज्ञेने त्याला मारण्यात आले, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. तेव्हा त्याचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते.

बुसी फ्रान्सला परतला तो अमाप संपत्ती घेऊन. वार्धक्यात, १७८३ साली, तो पुन्हा सेनापती म्हणून हिंदुस्थानात आला. पण त्याच्या अंगी पूर्वीचा जोम नव्हता. १७८५ च्या आरंभी पाँडिचेरी येथे त्याचे निधन झाले. लालीला मात्र फ्रान्सने पराभवाचा दोषी ठरवून १७६६ साली देहांत शिक्षा दिली.

मागे उरलेला हिशेब

सलाबतजंग गेला, पण त्याने घालून दिलेला प्रघात राहिला. ज्या निजामअलीने परक्यांच्या आश्रयाखालील भावाला पदच्युत केले, त्यानेच १७६६ साली इंग्रजांशी करार करून उत्तर सरकार त्यांच्या हाती दिले आणि बदल्यात लष्करी साहाय्याचे वचन घेतले. १७९८ साली त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि पदरची फ्रेंच शिकवणीची पलटण मोडली. १८०० साली त्या फौजेच्या खर्चासाठी बळ्ळारी-कडप्याकडील जिल्हे दिले. १८५३ साली हैदराबाद कंटिंजंटच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. पगारासाठी मुलूख हा जो व्यवहार सलाबतजंगाने १७५३ साली औरंगाबादेत केला, तोच त्याच्या घराण्याने पुढे शंभर वर्षे केला. मराठी भाषकांचा वऱ्हाड निजामाच्या हातून निघून गेला तो अशाच थकबाकीपायी.

गोमंतकीय वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. ज्या सुमारास सलाबतजंग बिदरला शेवटचे दिवस मोजत होता, त्याच सुमारास हैदरअलीच्या फौजा सोंदे संस्थानावर चालून आल्या. सोंद्याच्या राजाने गोव्यात पोर्तुगिजांचा आश्रय घेतला. फोंडे, केपे, काणकोण या भागांतील त्याचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि राजघराणे बांदोडे येथे स्थिरावले. नव्या काबिजादींचा मोठा भाग गोव्याला जोडला गेला तो या मार्गाने. आश्रय देणाऱ्याने आश्रय खरोखर दिला, हे सोंदेकरांच्या बाबतीत मान्य करावे लागेल. परंतु राज्य पुन्हा त्यांच्या हाती आले नाही.

आजची भाषा बदलली आहे. आता अस्थिर देशासाठी देणगीदार राष्ट्रांच्या परिषदा भरतात, निधीची आश्वासने जाहीर होतात, सुरक्षादलांच्या प्रशिक्षणाचे आराखडे ठरतात. जुलै २०१२ मध्ये टोकियो येथे अफगाणिस्तानसाठी भरलेल्या परिषदेत सोळा अब्ज डॉलरची आश्वासने देण्यात आली. बदल्यात भ्रष्टाचार रोखण्याच्या आणि कारभार सुधारण्याच्या अटी होत्या. या मदतीतून शाळा, रस्ते, रुग्णालये उभी राहिली. भारतानेही हेरातजवळ धरण आणि काबूलमध्ये संसदभवन बांधून दिले. हे सारे सलाबतजंगाच्या काळातील नफ्याच्या सौद्यांहून वेगळे होते आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु सैन्याचा पगार, त्याची विमाने आणि त्यांची दुरुस्ती परक्यांवर अवलंबून राहिली. परक्या फौजा निघताच, १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. ज्या सरकारला जगाने मान्यता दिली होती त्याचा अध्यक्ष त्याच दिवशी देश सोडून गेला.

म्हणून मदत घ्यावी की नाही, हा प्रश्न खरा नव्हे. संकटातील देशाला मदत घ्यावीच लागते आणि शेजाऱ्यांनी ती द्यावीही. प्रश्न असा की त्या मदतीच्या काळात घर सावरले जाते की नाही. सलाबतजंगाला बुसीच्या पलटणीने सात वर्षे दिली. त्या सात वर्षांत वारसाहक्काचा निवाडा झाला नाही, फौजेच्या पगाराची स्वतंत्र व्यवस्था लागली नाही, भावांशी कायमचा समेट झाला नाही. संरक्षण मिळाल्यामुळे ही कामे निकडीची वाटली नाहीत, आणि संरक्षण गेले तेव्हा ती करण्यास वेळ उरला नाही.

बिदरच्या किल्ल्यात फिरताना मार्गदर्शक बहामनी सुलतानांच्या कथा रंगवून सांगतात. त्या ऐकाव्याच. पण किल्ल्याच्या भिंतींकडे पाहताना १७६३ सालच्या त्या बंदिवानाचीही आठवण ठेवावी. पॅरिसच्या तहात तो दख्खनचा अधिपती होता. बिदरला त्याच्या कोठडीची किल्लीसुद्धा त्याच्या हाती नव्हती.